थकलेल्या पगारापायी विकलं गेलेलं शहर : लुका आणि इटलीतले जर्मन स्वार

नेकरकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कामानिमित्त गेली काही वर्षं स्टुटगार्टच्या बाजूला राहतो. इथून दक्षिणेला, रोटवाइलजवळ, श्लिखेम नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यात इर्सलिंगेनची पडकी गढी आहे. मागच्या रविवारी एकटाच जाऊन आलो. झाडीत दडलेल्या जाड भिंती, शेवाळलेला दगड आणि खाली पाण्याचा आवाज. तिथून हलवेना. या एवढ्याशा जागेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका माणसाची चाहूल लागली की चौदाव्या शतकात इटलीतली खेडीच्या खेडी गुरंढोरं घेऊन पळत सुटायची.

वेर्नर फॉन उर्सलिंगेन त्याचं नाव. इटलीत त्याला 'दूका ग्वार्निएरी' म्हणत. दूका म्हणजे ड्यूक. त्याच्या घराण्यातल्या कोनराडला सम्राटाने मध्य इटलीतलं स्पोलेतो दिलं होतं. ते ११९८ साली हातचं गेलं, पण दीडशे वर्षांनंतरही हा गडी स्वतःला ड्यूकच म्हणवून घेई. छातीवरच्या कवचावर त्याने 'देवाचा, दयेचा आणि करुणेचा शत्रू' अशी अक्षरं मिरवली होती असं सांगतात.

त्याच्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक या अक्षरांपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. उत्तरेकडून रानटी लोक आले आणि त्यांनी इटली लुटली, एवढंच. मला हे पटत नाही. लूट झाली, अतोनात झाली. पण ही माणसं टोळधाडीसारखी आपणहून आली नव्हती. इटलीतल्या शहरांनीच त्यांना कागदावर करार करून बोलावलं, लढाईपुरतं वापरलं आणि काम झाल्यावर वाऱ्यावर सोडलं. लुका या तोस्कानातल्या शहराची गोष्ट पाहिली की हे स्वच्छ दिसतं.

१३२७ साली जर्मनांचा राजा, बव्हेरियाचा लुडविग, सम्राटपदाच्या मुकुटासाठी आल्प्स ओलांडून आला. जानेवारी १३२८ मध्ये रोममध्ये मुकुट मिळाला, पण तोवर पैसा संपत आला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पिसामध्ये सुमारे ८०० जर्मन स्वारांचा संयम सुटला. पगार कित्येक दिवस थकलेला. ते सैन्य सोडून निघाले आणि लुकाच्या पूर्वेला चेरुल्यो नावाच्या टेकडीवर तटबंदी करून बसले. त्यांची समजूत काढायला सम्राटाने मार्को व्हिस्कोंती या मिलानच्या सरदाराला पाठवलं, पैशांचा वायदा देऊन. पैसे काही आले नाहीत. स्वारांनी मार्कोलाच ठेवून घेतलं आणि पुढे आपला म्होरक्या केलं. सम्राटाचा जामीन बंडखोरांचा सेनापती झाला!

लुकाचा कर्तबगार धनी कास्त्रुच्चो कास्त्राकानी सप्टेंबर १३२८ मध्ये वारला होता. शहरातल्या त्याच्या किल्ल्यात जुने जर्मन शिपाईच पहाऱ्यावर होते. एप्रिल १३२९ मध्ये त्यांनी टेकडीवरच्या आपल्या देशबांधवांना आत घेतलं आणि लुका पगार थकलेल्या स्वारांच्या ताब्यात गेलं.

आता हे शहर घेऊन करायचं काय? त्यांना राज्य नको होतं. थकलेला पगार हवा होता. म्हणून त्यांनी लुका विकायला काढलं. फ्लॉरेन्सला किंमत सांगितली ८०,००० सोन्याचे फ्लोरिन. फ्लॉरेन्समधले काही व्यापारी पदरचे पैसे घालायला तयार होते. बखरकार जोव्हानी व्हिलानी हा त्या विचाराचा. पण राज्यकर्त्यांनी नाही म्हटलं. शेवटी जेनोआच्या गेरार्दो स्पिनोलाने ते ३०,००० फ्लोरिनना घेतलं. त्यालाही ते लाभलं नाही. १३३१ मध्ये बोहेमियाचा राजा योहान, त्याच्याकडून पार्माचे रोस्सी, त्यांच्याकडून व्हेरोनाचा मास्तीनो देल्ला स्काला, असं शहर हातोहात फिरत राहिलं. १३४१ साली फ्लॉरेन्सने तेच लुका मास्तीनोकडून विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा बोली झाली २,५०,००० फ्लोरिनची. बारा वर्षांपूर्वी ज्याला ऐंशी हजार जास्त वाटले होते तेच हे शहर.

आणि तरीही लुका मिळालं नाही! पिसाने मध्येच वेढा घातला, फ्लॉरेन्सच्या फौजेला हरवलं आणि जुलै १३४२ मध्ये लुका घेतलं. या युद्धात दोन्ही बाजूंनी भाडोत्री जर्मन स्वार भरले होते. युद्ध संपलं आणि पिसाने आपल्या स्वारांना निरोप दिला. पुढे हिवाळा, घर आल्प्सच्या पलीकडे, हाताला काम नाही. वेर्नरने त्यांना गोळा केलं. तीच 'मोठी कंपनी', इटालियनमध्ये ग्रान कोम्पान्यिया. सुमारे तीन हजार स्वारांची फिरती छावणी. गावाच्या वेशीवर यायचं, पिकं आणि गोठे दाखवून खंडणी मागायची, मिळाली की पुढच्या गावाच्या वेशीवर.

म्हणजे 'मोठी कंपनी' जन्मली ती लुकाच्या युद्धाच्या पोटी. मला वाटतं, वेर्नरच्या छातीवरची अक्षरं वाचण्याआधी या शहरांच्या हिशेबाच्या वह्या वाचायला हव्यात. तुम्हाला काय वाटतं?

सांजवेळ

फार सुंदर लिहिलंय दादा. इतिहासाची विद्यार्थिनी नाही, म्हणून साधे प्रश्न विचारते. एक, जर्मनच का? इटलीत लढणारी माणसं नव्हती का? दोन, 'कंपनी' हा शब्द तेव्हाचाच आहे की आपण आज वापरतो?

नेकरकाठ

ताई, दोन्ही प्रश्न साधे नाहीत, मुद्द्याचे आहेत.

शब्द तेव्हाचाच. मुळात 'एकत्र भाकरी खाणारे' असा त्याचा अर्थ, कारण त्यात 'पाने' म्हणजे पाव दडलेला आहे. मला कायम विचारात पाडणारी गोष्ट अशी की फ्लॉरेन्सच्या बार्दी आणि पेरुत्सी या पेढ्यांनाही तेव्हा कोम्पान्यियाच म्हणत. भागीदारांनी मिळून जोखीम घ्यायची, नफा वाटून घ्यायचा. पेढीची ती कंपनी आणि स्वारांचीही ती कंपनीच. पेरुत्सी १३४३ मध्ये आणि बार्दी १३४६ मध्ये बुडाल्या. इंग्लंडच्या राजाला दिलेली कर्जं हे त्याचं मोठं कारण, पण लुकाच्या युद्धाचा खर्चही फ्लॉरेन्सच्या उरावर होताच.

आता जर्मन का. इटलीतली शहरं व्यापारात शिरली होती. शहराची पायदळ पलटण असे, पण चिलखती घोडेस्वार घडायला लहानपणापासून तालीम लागते, आणि दुकान सोडून सहा-सहा महिने मोहिमेवर कोण जाणार? शिवाय शहरात एकमेकांच्या जिवावर उठलेले पक्ष. आपल्याच एखाद्या घराण्याच्या हाती फौज देण्यापेक्षा परका बरा, कारण त्याचे शहरात भाऊबंद नाहीत. दुसऱ्या बाजूला श्वाबेन, म्हणजे वेर्नरचा नैऋत्य जर्मनीतला मुलूख, आणि ऱ्हाईनकाठ. १२६८ मध्ये शेवटचा वारस कोनराडिन याचा नेपल्समध्ये शिरच्छेद झाला, होहेनश्टाउफेन हे सम्राटांचं घराणं संपलं आणि श्वाबेनला ड्यूक उरला नाही. लहान लहान गढ्यांचे असंख्य सरदार राहिले, ज्यांच्याकडे कुळी होती, घोडा होता, तालीम होती आणि उत्पन्न तुटपुंजं. जर्मन राजा सातवा हेन्री १३१० मध्ये इटलीत गेला तेव्हा असे पुष्कळजण त्याच्यासोबत गेले. तो १३१३ मध्ये वारल्यावर त्याचे काही स्वार पिसाने आपल्याकडे ठेवून घेतले. त्यांच्या बळावर पिसाने १३१५ साली मोन्तेकातिनीला फ्लॉरेन्सचा दणदणीत पराभव केला. ही बातमी आल्प्सपलीकडच्या गढ्यागढ्यांत पोचली असणार. १३२० ते १३६० या चाळीस वर्षांत इटलीत चाकरी केलेल्या ७००हून अधिक जर्मन स्वारनायकांची नावं कागदपत्रांतून सापडली आहेत, आणि स्वार किमान दहा हजार.

मोडीवाचक

धागा आवडला. करार नेमका कसा असायचा, यावर थोडं लिहाल का? आमच्याकडे जुन्या दप्तरांत घोड्यांच्या नोंदी वाचताना रंग, कपाळावरचा टिळा, पायांचा पांढरेपणा, डाग, असं सगळं बारकाईने लिहिलेलं सापडतं. तिकडे असं काही होतं का?

नेकरकाठ

मोडीवाचक काका, अगदी तसंच होतं. करार म्हणजे 'कोन्दोत्ता', आणि त्यावरूनच सेनानायकाला 'कोन्दोत्तिएरे' म्हणू लागले. मुदत थोडकी, पुष्कळदा चार-सहा महिन्यांची. मोजणीचं माप 'बार्बुता'. हे मुळात शिरस्त्राणाचं नाव, पण हिशेबात एक बार्बुता म्हणजे एक चिलखती स्वार आणि त्याचा हलका हत्यारबंद पोऱ्या, दोघांचे दोन घोडे. अशा वीस-पंचवीस जणांचं एक निशाण, म्हणजे तुकडी.

भरतीच्या दिवशी शहराचे कारकून घोडा समोर उभा करून त्याचा रंग, खुणा आणि किंमत वहीत उतरवत आणि डाग देत. कारण घोडा लढाईत मेला तर शहराने भरपाई द्यायची. म्हणून शहराला भीती की मरतुकडं जनावर दाखवून चांगल्याची किंमत लावतील, आणि स्वाराला भीती की भरपाई मिळायला वर्ष जाईल. आपल्या भाषेत हे सगळे शिलेदार, घोडा स्वतःचा. तो मेला आणि भरपाई अडली की माणूस स्वारच उरत नाही. पगाराच्या बरोबरीने घोड्याच्या भरपाईवरून भांडणं होत.

पायवाट

लेख माहितीपूर्ण आहे, पण एक गोष्ट खटकली. पगार थकला म्हणून लूट, हे मान्य केलं तर ज्यांचं घर जळलं त्यांनी काय करायचं? पगार शहराने बुडवला, गोठा शेतकऱ्याचा पेटला. शहराला तटबंदी होती, खेड्याला नव्हती. १३४२ ते १३९९ या काळात एकट्या सिएनाला अशा कंपन्यांनी किमान ३७ वेळा गाठलं. दर वेळी खंडणी भरायला नवा कर बसे, आणि तो पुन्हा त्याच शेतकऱ्याकडून वसूल होई. आधी स्वाराने नेलं, मग शहराने. वेर्नरची बाजू समजून घेताना या माणसाला विसरू नका, एवढंच म्हणणं आहे.

नेकरकाठ

पायवाट, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि मूळ लेखात ते यायला हवं होतं. कबूल करतो. हिशेबाच्या वहीत शेतकऱ्याचं पान नसतं, आणि मी वहीवरच बोलत राहिलो. म्हणून शेतकऱ्यांनी स्वतः लिहिलेलं एक पान सांगतो.

१३५८ सालची गोष्ट. वेर्नर तोवर मरून गेला होता. मोठी कंपनी कोनराड फॉन लांडाऊच्या हाती होती. इटलीत त्याला 'कोन्ते लांदो' म्हणत. हाही श्वाबेनचाच, व्युर्टेंबर्गच्या नात्यातला. त्या वर्षी सिएनाचं पेरुज्याशी युद्ध चाललं होतं आणि सिएनाने कंपनीला चाकरीला बोलावलं. ज्या सिएनाची ३७ वेळांची यादी तुम्ही दिलीत, तेच सिएना! रोमान्या या ईशान्य इटलीतल्या प्रांतातून तिकडे जायला वाटेत आपेनाईन्सचे डोंगर. फ्लॉरेन्सने सुपीक मुलखातून जाऊ दिलं नाही, लामोने नदीच्या अरुंद खोऱ्यातून वाट दिली, सोबत आपले वकीलही दिले. बिफोर्को गावापाशी मुक्काम पडला. ठरलं होतं की वाटेत काही उचलायचं नाही. उचललं. दाणागोटा नेला, लोकांना मारझोड केली.

पुढची वाट स्कालेल्ले नावाच्या घळीतून जात होती. एका बाजूला कडा, खाली ओढा, एका वेळी एकच घोडा जाईल एवढी पाऊलवाट. रात्रीत डोंगरातली माणसं वर जाऊन बसली. २५ जुलैच्या सकाळी कंपनीची आघाडी वकिलांसह पुढे निघून गेली, आणि मधली रांग घळीत शिरल्यावर वरून धोंडे सुटले. चिलखती स्वार, पण घोडा वळवायला जागा नाही, उतरावं तर पाय ठरत नाही. काउंट बुर्कहार्ट घोड्यासकट धोंड्याखाली गेला. लांडाऊच्या डोक्याला जबर जखम झाली आणि तो पकडला गेला. अख्ख्या इटलीने ज्यांच्यापुढे थैल्या सोडल्या होत्या त्यांना एका खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी दगडांनी मोडलं. कोणाचा करार नाही, कोणाचा पगार नाही.

याचा परिणाम पुढच्या वर्षी दिसला. जुलै १३५९ मध्ये लांडाऊ सुटून पुन्हा उभा राहिला होता आणि फ्लॉरेन्सकडे पैसे मागत होता. फ्लॉरेन्सने या वेळी छदाम द्यायला नकार दिला आणि पांदोल्फो मालातेस्ताच्या हाताखाली फौज पाठवली. कंपनीने वाजतगाजत काटेरी फांदीवर रक्ताळलेला हातमोजा पाठवून आव्हान दिलं. मालातेस्ताने हसत हसत तो उचलला. लुकाच्या मुलखात 'माश्यांचं रान' नावाच्या मैदानावर दोन्ही तळ समोरासमोर राहिले, आणि २३ जुलैला कंपनी न लढताच तळ हलवून निघून गेली.

गोधडी

शेतकऱ्यांचा विषय निघाला म्हणून लिहितेय. सिएनाच्या नगरवाड्यातल्या दालनात अंब्रोज्यो लोरेन्झेत्तीची भित्तिचित्रं आहेत, १३३८-३९ मधली. म्हणजे वेर्नरची कंपनी निघण्याच्या तीनच वर्षं आधीची. चांगल्या राज्याच्या भिंतीवर शहराच्या वेशीबाहेरची शेतं आहेत, मळणी चालली आहे, एक शेतकरी काळ्या अंगावर पांढरा पट्टा असलेलं डुक्कर हाकत शहराकडे चालला आहे. तशी डुकरं तिथे आजही पाळतात. आणि या सगळ्यावर हवेत तरंगणारी एक स्त्री, 'सुरक्षा'. तिच्या एका हातात लेखपट्टी आणि दुसऱ्या हातात छोटा फाशीचा खांब, त्याला लटकलेला माणूस.

समोरची वाईट राज्याची भिंत ओलीने खराब झाली आहे, रंगाचे पोपडे गेले आहेत. तरी जळणारी घरं आणि ओसाड टेकड्या ओळखू येतात. मी त्या भिंतीपुढे बराच वेळ उभी होते. चित्रकाराने हे पाहून रंगवलं होतं, येणाऱ्या दिवसांचा अंदाज बांधून नव्हे. म्हणजे मोठ्या कंपनीच्या आधीपासूनच हे चालू होतं.

शेजारच्या दालनात लिप्पो व्हान्नीचं चित्र आहे, एकाच रंगछटेतलं. १३६३ मध्ये व्हाल दि कियानात सिएनाने 'टोपीवाली कंपनी' नावाच्या अशाच एका भाडोत्री फौजेचा पराभव केला त्याचं. इतक्या वेळा खंडणी भरल्यावर एकदा जिंकलेल्या शहराने ते भिंतीवर काढून ठेवलं, हे मला समजू शकतं.

नेकरकाठ

गोधडीताई, फार मोलाची भर. 'पाहून रंगवलं' हा मुद्दा बरोबर आहे. चित्र काढलं त्याच सुमाराला, फेब्रुवारी १३३९ मध्ये, मिलानजवळ पाराब्यागोची लढाई झाली होती. लोद्रिस्यो व्हिस्कोंतीने व्हेरोनाने मोकळ्या केलेल्या जर्मन स्वारांची 'संत जॉर्जची कंपनी' बांधून आपल्याच भाऊबंदांवर चाल केली. तो हरला. वेर्नर त्या कंपनीत होता. तिथे शिकलेलं त्याने तीन वर्षांनी वापरलं.

दगडूशेत

एक दुरुस्ती. वाचताना असा समज होतो की मोठी कंपनी वेर्नरकडून थेट लांडाऊकडे गेली. मध्ये फ्रा मोरियाले आहे, आणि तो जर्मन नव्हता. प्रोव्हान्सचा, संत जॉनच्या पंथातला शूरवीर. कंपनीला खरी शिस्त त्याने लावली. खजिनदार, चिटणीस, लुटीची नोंद आणि वाटणी, तळावर न्यायनिवाडा. रिमिनीच्या मालातेस्ताकडून त्याने ४०,००० फ्लोरिन घेतले. १३५४ च्या ऑगस्टात रोममध्ये तिथला तेव्हाचा सत्ताधारी कोला दि रियेंझो याने त्याचं डोकं उडवलं आणि ऑक्टोबरात जमावाने कोलाला मारलं.

नेकरकाठ

धन्यवाद, दुरुस्ती मान्य. मी घाईत त्याला गाळलं. लांडाऊ हा त्याचाच दुय्यम होता.

सांजवेळ

या सगळ्यांचं पुढे काय झालं दादा? वेर्नर कसा मेला?

नेकरकाठ

वेर्नर अंथरुणावर मेला म्हणायला हरकत नाही. हंगेरीच्या राजासाठी नेपल्सच्या मोहिमेत लढला, मग बाजू बदलली, पुन्हा हंगेरीकडे वळला, १३४९ मध्ये मेलेतोला नेपल्सच्या सरदारांना हरवून जबर खंडण्या उकळल्या आणि पैसा घेऊन श्वाबेनला परतला. १३५४ मध्ये वारला.

लांडाऊला तसं मरण आलं नाही. १३६१ नंतर फ्रान्समधून 'पांढरी कंपनी' इटलीत उतरली, बहुतेक इंग्रज. ते घोड्यावरून उतरून भाले रोवून लढत, लांब धनुष्यं वापरत, रात्री-अपरात्री तटांना शिड्या लावत. एप्रिल १३६३ मध्ये नोव्हाराजवळ कान्तुरिनोला लांडाऊची त्यांच्याशी गाठ पडली. हंगेरियन साथीदारांनी ऐनवेळी पाठ फिरवली आणि तो मारला गेला. त्या पांढऱ्या कंपनीचा नायकही जर्मनच होता, आल्बर्ट श्टेर्त्स. त्याला पेरुज्याने १३६६ मध्ये फितुरीच्या आरोपाखाली मारलं. त्याच्या हाताखालचा जॉन हॉकवुड मात्र पुढे फ्लॉरेन्सचा लाडका सेनापती झाला; त्याचं घोड्यावरचं चित्र तिथल्या महामंदिरात आहे. लांडाऊच्या घरातल्या लुट्सने मिलानच्या बेर्नाबो व्हिस्कोंतीच्या अनौरस मुलीशी लग्न केलं, आणि दुसऱ्या एका अनौरस मुलीशी हॉकवुडने. मैदानात जे एकमेकांविरुद्ध लढले, त्यांच्यातलेच पुढे साडू झाले.

रानवाट७

पुढच्या महिन्यात तोस्कानाला जातोय, लुकात दोन दिवस आहेत. तुम्ही म्हणता ती चेरुल्यो टेकडी आज बघता येते का?

नेकरकाठ

येते, नक्की जा. आज त्या गावाचं नाव मोन्तेकार्लो. लुकाच्या पूर्वेला, गाडीने अर्ध्या तासावर. बोहेमियाच्या योहानचा मुलगा कार्ल, पुढे सम्राट झालेला, त्याच्या नावावरून १३३३ मध्ये हे नाव पडलं. टेकडीच्या माथ्यावर किल्ला आहे, भोवती द्राक्षांचे मळे, आणि तिथली वाइन नावाजलेली आहे. दुपार टळल्यावर जा, म्हणजे ऊन पश्चिमेकडून येईल. खाली सगळं सपाट मैदान आहे आणि त्याच्या टोकाला लुका. त्या ८०० जणांनी १३२८ चा अख्खा हिवाळा याच उंचीवर पैशांची वाट बघत काढला होता.